बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा प्राणिनमुन्यांचा संग्रह

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा प्राणिनमुन्यांचा संग्रह हा मुंबईच्या फोर्ट भागातील, भारतीय उपखंडातील सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी, उभयचर, मासे व कीटक यांच्या जतन केलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. संग्रहातील नमुन्यांची संख्या एक लाखाहून अधिक असून पक्ष्यांचे नमुने पंचवीस हजारांच्या वर आहेत. अभ्यासासाठीचा मुख्य संग्रह सोसायटीच्या 'हॉर्नबिल हाउस' या इमारतीत आहे. सोसायटीच्या नमुन्यांच्या आधारे उभारलेले निसर्गेतिहास दालन शेजारच्याच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) असून ते सर्वांना पाहता येते.

या संग्रहाचा पाया शिकाऱ्यांनी घातला. पहिल्या काही दशकांतील बहुतेक नमुने बंदुकीने मारलेल्या किंवा सापळ्यात धरलेल्या प्राण्यांचे आहेत. पुढे त्याच नमुन्यांच्या आणि त्यांवरील नोंदींच्या आधारे कोणती जात कोठे होती, कोठून नाहीशी झाली आणि कोणती वाचवणे अजून शक्य आहे, हे ठरवता आले. भारतातील वन्यजीव संरक्षणाचा इतिहास शिकारीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, याचे हा संग्रह बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे.

स्थापना

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) निसर्गाची आवड असलेले आठ जण एकत्र आले आणि त्यांनी सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी दोघे भारतीय होते. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे वैद्यक व वनस्पतिशास्त्राचे जाणकार, तसेच पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. उरलेल्या सहा युरोपीयांमध्ये 'ईहा' या आद्याक्षरी नावाने निसर्गविषयक लेखन करणारे ई. एच. एटकेन आणि पतंग-फुलपाखरांचे अभ्यासक कर्नल चार्ल्स स्विन्हो हे होते. महिन्यातून एकदा भेटावे, आपापली निरीक्षणे सांगावीत आणि मिळालेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच सुरुवातीचा बेत होता.

नमुने जमू लागल्यावर जागेचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी १८८४ मध्ये हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्टमधील १८, फोर्ब्स स्ट्रीट येथील आपल्या दुकानातील एक खोली सोसायटीला दिली. मुंबईतील या संग्रहाचे पहिले घर असे मद्याच्या दुकानात होते. पुढे दुकान आणि सोसायटी दोन्ही ६, अपोलो स्ट्रीट येथे गेले. १८९४ मध्ये कारवारहून आणलेला 'विल्यम' नावाचा मोठा धनेश तेथेच १९२० पर्यंत राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावरील पक्षी तोच असून हॉर्नबिल हाउस हे नावही त्याच्यावरूनच पडले आहे.

१८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. एटकेन आणि रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हे त्याचे पहिले संपादक होते. स्टर्नडेल हे स्वतः नावाजलेले शिकारी होते. आरंभीच्या अंकांत वाघाच्या लांबीवरील वाद, शिंगांची मापे, अस्वलाशी झालेली झटापट आणि नव्या जातींची शास्त्रीय वर्णने असे सारे शेजारी शेजारी छापलेले आढळते. त्या काळी शिकारी आणि निसर्ग-अभ्यासक ही बहुधा एकच व्यक्ती असे. जंगलात महिनोन्‌महिने राहणारा, प्राण्याचा माग काढणारा आणि त्याच्या सवयी जाणणारा मनुष्य म्हणजे वनाधिकारी, लष्करी अधिकारी, चहामळेवाला किंवा जिल्हाधिकारी असे. बंदूक हे त्याचे निरीक्षणाचेही साधन होते. दुर्बिणी चांगल्या प्रतीच्या नव्हत्या आणि छायाचित्रण अवघड होते. त्यामुळे पक्षी नेमका कोणता, हे हातात घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येत नसे.

सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण

संग्रहाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय १९११ साली सुरू झालेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाकडे जाते. फिप्सनच्या कंपनीतील भागीदार आणि सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड हे त्याचे प्रवर्तक होते. तोपर्यंत शिकाऱ्यांचे लक्ष वाघ, बिबट्या, सांबर, गवा अशा मोठ्या जनावरांवरच असे. उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ, खार यांच्याकडे कोणी पाहत नसे, वास्तविक सस्तन प्राण्यांतील बहुसंख्य जाती याच आहेत. सर्वेक्षणाने ही उणीव भरून काढायचे ठरवले. देणग्या, संस्थानिकांचे साहाय्य आणि सरकारी मदत यांवर पगारी संग्राहक नेमण्यात आले.

पहिला प्रदेश निवडला गेला तो खानदेश. सी. ए. क्रम्प यांनी तेथे जमवलेल्या नमुन्यांवरील अहवाल हा या मालिकेतील पहिला अहवाल होय. १९२३ पर्यंत भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंका यांतील अनेक प्रदेश संग्राहकांनी पालथे घातले. जी. सी. शॉर्टरिज, एन. ए. बाप्टिस्टा, एस. एच. प्रेटर आणि चार्ल्स मॅक्कॅन ही त्यांतील काही नावे. निवृत्त वनाधिकारी आर. सी. रॉटन हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून या नमुन्यांची ओळख पटवीत आणि अहवाल लिहीत.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ असलेल्या बारापेडे गुहेतील वटवाघूळ हे या सर्वेक्षणाचे एक फळ. प्रेटर यांना तेथे मिळालेल्या या वटवाघळाचे १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी नवी जात म्हणून वर्णन केले आणि तिला रॉटन यांचे नाव दिले. त्यानंतर अनेक दशके ही जात जगात केवळ त्या एका गुहेतूनच माहीत होती. मऊ केसांच्या उंदरांच्या प्रजातीला थॉमस यांनी १९११ मध्ये 'मिलार्डिया' हे नाव दिले. सिंहगडावर सापडणारा आणि १९७५ मध्ये प्रथम वर्णिलेला कोंडाणा उंदीर याच प्रजातीतला आहे. मुंबईतील एका मद्यव्यापाऱ्याचे नाव अशा रीतीने पुण्याच्या किल्ल्यावरील उंदरापर्यंत पोहोचले आहे.

या सर्वेक्षणाची दुसरी बाजूही आहे. नमुन्यांचा पहिला संच लंडनला जात असे आणि उरलेले नमुने मुंबईस परत येत. ज्या एका नमुन्यावरून नव्या जातीचे वर्णन केले जाते त्यास 'प्ररूप नमुना' म्हणतात. सर्वेक्षणातील प्ररूप नमुने प्रामुख्याने लंडनमध्ये आहेत. त्यामुळे भारतातील प्राण्यांवर काम करणाऱ्या भारतीय अभ्यासकाला कित्येकदा अखेरची खातरजमा परदेशी जाऊन करावी लागते.

निसर्गेतिहास दालन

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवण्यात आली. इमारतीचे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट होते. १९१४ मध्ये बांधकाम पूर्ण झाले, परंतु पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय १० जानेवारी १९२२ रोजी खुले झाले. संग्रहालयात निसर्गेतिहास विभाग असावा आणि त्यासाठी सोसायटीने नमुने द्यावेत, असे ठरले. १९२३ पासून स्टॅन्ली हेन्री प्रेटर हे सोसायटी आणि संग्रहालयाचा हा विभाग या दोहोंचे अभिरक्षक झाले आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिले. अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून ते संविधान सभेचेही सदस्य होते.

तोपर्यंतच्या संग्रहालयांत प्राणी कपाटात रांगेने मांडलेले असत. काचेचे डोळे लावलेली, भुसा भरलेली जनावरे आणि त्यांखाली लॅटिन नावाची चिठ्ठी, असे त्यांचे स्वरूप होते. प्रेटर यांनी ब्रिटन व अमेरिकेतील संग्रहालयांची पाहणी करून अधिवास-देखाव्यांची पद्धत मुंबईत आणली. अशा देखाव्यात प्राणी एकटा नसतो. त्याच्याभोवती त्याची माती, झाडे, खडक आणि मागे रंगवलेले क्षितिज असते. दालनातील रोहित पक्षी, मोठा धनेश, गवा आणि वाघ यांचे देखावे पाहताना प्राणी आणि त्याची जागा यांचे नाते प्रेक्षकाच्या सहज ध्यानात येते. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातील भिंतीवरचे मुंडके आणि हा देखावा, दोहोंतही प्राणी मेलेलाच असतो. परंतु पहिले शिकाऱ्याविषयी सांगते आणि दुसरा प्राण्याविषयी. मुंबईतील शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी गवा प्रथम पाहिला तो येथेच.

प्रेटर यांचे 'द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स' हे पुस्तक १९४८ मध्ये सोसायटीने प्रसिद्ध केले. भारतीय सस्तन प्राण्यांवरील सर्वसामान्य वाचकांसाठीचे ते आजही प्रमाण पुस्तक मानले जाते.

सलीम अली आणि संग्रह

पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण गिरगावजवळील खेतवाडीत गेले. लहानपणी खेळण्यातल्या छर्र्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे पाहून त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सोसायटीत पाठवले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले आणि कपाटांचे खण उघडून जतन केलेले पक्षी मुलाला दाखवले. सलीम अली यांनी आपल्या आत्मचरित्राच्या शीर्षकातच या चिमणीचा उल्लेख केला आहे. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. त्यात चिमणीइतकेच महत्त्व त्या खणांना आहे, कारण तुलना करण्यास दुसरे नमुने नसते तर ओळख पटलीच नसती.

१९२६ मध्ये निसर्गेतिहास दालनात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली. अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले व तेथील प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झालेले होते. नोकरी नसल्याने अलिबागजवळील किहीम येथे राहायला गेलेल्या सलीम अलींनी तेथे सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. एकेक घरटे अर्धवट विणून मादीने पसंत केल्यावर ते पुरे करणारा आणि मग दुसरे घरटे घेऊन दुसरी मादी मिळवणारा नर, हे त्यांचे प्रसिद्ध निरीक्षण याच काळातले. त्यासाठी बंदूक लागली नाही. परंतु त्यानंतर संस्थानांतील पक्षी-सर्वेक्षणांत त्यांनी स्वतः शेकडो पक्षी टिपले, हेही तितकेच खरे आहे.

या पक्षिसंग्रहाची सविस्तर सूची हुमायून अब्दुलअली यांनी तयार केली. ती १९६८ पासून सोसायटीच्या नियतकालिकात अनेक भागांत छापली गेली. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ही निर्यात १९८७ मध्ये बंद झाली.

मासे आणि मासेमारी

सोसायटीच्या कामात मासेमारीला शिकारीइतके ठळक स्थान नव्हते, तरी गळाने मासे धरण्याचा छंद असलेले सभासद पुष्कळ होते. नद्यांतील महसीर माशाला ते 'पाण्यातला वाघ' मानीत. महसीर व इतर माशांच्या गळमासेमारीवरील ए. सेंट जे. मॅक्डोनाल्ड यांचे पुस्तक १९४८ मध्ये सोसायटीनेच काढले. पुढे धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाने मासे मारण्याचे प्रकार यांमुळे महसीर घटला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम वीण करून पिले नद्या-तलावांत सोडण्याचा उपक्रम चालवला.

भारताच्या किनाऱ्यावरील देवमुशीच्या, म्हणजे व्हेल शार्कच्या, नोंदी एकत्र करून प्रेटर यांनी १९४१ मध्ये लेख लिहिला होता. या माशाला २००१ मध्ये कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण लाभले. जिवंत मासे पाहण्यासाठी मुंबईकरांना चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय होते. ते १९५१ मध्ये सुरू झाले आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते. संग्रहालयात मात्र मासा दाखवणे अवघड असते. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचा रंग उडतो, म्हणून प्रदर्शनासाठी बहुधा साच्यातून काढलेल्या व रंगवलेल्या प्रतिकृती वापरतात.

शिकारीकडून संरक्षणाकडे

हा बदल एका दिवसात झाला नाही. शिकारीसाठी जनावरे शिल्लक राहावीत, म्हणून विणीच्या हंगामात बंदी असावी, ही मागणी प्रथम शिकाऱ्यांनीच केली. त्यामागे प्राण्यांची दया क्वचित आणि पुढच्या हंगामाची काळजी अधिक असे. याच युक्तिवादात स्थानिक पारधी, फासेपारधी आणि आदिवासी यांच्या शिकारीला 'चोरटी' ठरवून साहेबांच्या शिकारीला 'खेळ' मानण्याची वृत्तीही होती. जुन्या अंकांतील लेखन वाचताना ती ठिकठिकाणी जाणवते.

सोसायटीची बदललेली भूमिका चित्त्याच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या (आता छत्तीसगड) महाराजांनी रात्री मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते मारले. हे भारतातील अखेरचे नोंदलेले चित्ते मानले जातात. त्यांच्या खासगी सचिवाने त्याचा वृत्तान्त छायाचित्रासह सोसायटीच्या नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो छापला, पण सोबत अत्यंत कडक टिपणी जोडली. हा मजकूर कचऱ्याच्या टोपलीत टाकावा असेच प्रथम वाटले होते आणि तो कौतुक म्हणून नव्हे तर आरोप म्हणून छापत आहोत, असा तिचा आशय होता. साठ वर्षांपूर्वी त्याच नियतकालिकात अशा वृत्तान्ताचे स्वागत झाले असते.

१९५१ च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम देशभर लागू झाला. त्यानंतर शिकारीवर कडक निर्बंध आले आणि घरोघरची कातडी, शिंगे व मुंडकी यांसाठी मालकीचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. शास्त्रीय कामासाठीही नमुना गोळा करायचा तर परवानगी लागते. परिणामी जुन्या नमुन्यांची किंमत वाढली, कारण त्यांची जागा घेणारे नवे नमुने आता क्वचितच मिळतात.

पक्षी पकडण्याची पारंपरिक कला या नव्या काळातही उपयोगी पडली. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची वळी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासण्याचे काम सोसायटीने १९२७ मध्ये धारच्या महाराजांच्या साहाय्याने सुरू केले व १९५९ पासून ते मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. बिहारमधील मीरशिकार समाजातील पिढीजात पक्षी पकडणारे या कामात सोसायटीचे सहकारी झाले. पक्ष्याचे पीसही न दुखावता त्याला जाळ्यातून सोडवणे हे त्यांचे कौशल्य विद्यापीठांत शिकवले जात नव्हते. वळ्यांवर, पक्षी सापडल्यास सोसायटीला कळवावे, अशी सूचना कोरलेली असते.

नमुन्यांचे जतन

अभ्यासाचा नमुना आणि प्रदर्शनातील नमुना यांत फरक असतो. अभ्यासासाठी पक्ष्याची कातडी पिसांसह सोलून काढतात, आतून संरक्षक द्रव्य लावतात, कापूस भरतात आणि पंख मिटून, पाय जुळवून पक्षी उताणा ठेवतात. पूर्वी संरक्षक म्हणून आर्सेनिकयुक्त साबण वापरीत, त्यामुळे जुने नमुने आजही हातमोजे घालून हाताळावे लागतात. साप, बेडूक व मासे मद्यार्काच्या बरण्यांत राहतात. कीटक टाचणीला टोचून पेट्यांत ठेवतात. मुंबईची दमट हवा, बुरशी आणि कातडी खाणारे किडे हे या सर्वांचे कायमचे शत्रू आहेत.

प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते. तीवर क्रमांक, ठिकाण, तारीख, लिंग आणि संग्राहकाचे नाव असते. चिठ्ठी नसलेला नमुना शोभेची वस्तू होय. कातडी कितीही सुंदर असली तरी कोठे आणि केव्हा हे माहीत नसेल, तर ती शास्त्राच्या उपयोगाची राहत नाही.

प्रदर्शनासाठी प्राणी जिवंत वाटेल असा उभा करण्याच्या कलेस चर्मपूरण म्हणतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी ही जवळजवळ लोपलेली कला स्वतः शिकून घेतली. २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चर्मपूरण केंद्र सुरू झाले. तेथे नैसर्गिकरीत्या किंवा अपघातात मेलेल्या प्राण्यांवरच काम केले जाते.

चिठ्ठीची विश्वासार्हता आणि रानपिंगळा

चिठ्ठी खोटी असल्यास काय होते, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणातून समजले. या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८० च्या दशकात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याचे सांगितलेला कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांचा एक नमुना लंडनच्या संग्रहात होता. त्या चिठ्ठीवर विसंबून केलेले शोध व्यर्थ गेले. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना पुन्हा घडवून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. खरी ठिकाणे कोणती हे कळल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे खानदेशात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ (आता नंदुरबार जिल्हा) त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी झालेली ही पुनर्भेट होती. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

नमुने गोळा करण्याविषयीचा वाद

दुर्मीळ जातीचा नमुना घेण्यासाठी तिचा एक जीव घ्यावा काय, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. नमुन्यावाचून जातीची निश्चिती करता येत नाही आणि पुढील काळात नवी तंत्रे आली की जुन्या नमुन्यातून नवी माहिती मिळते, असे एक बाजू सांगते. जुन्या कातड्यांतून आज डीएनए काढता येतो, हे त्यांचे प्रमाण. काही मोजकेच प्राणी उरले असताना त्यांतला एक मारणे समर्थनीय नाही, असे दुसरी बाजू म्हणते.

जानेवारी १९८६ मध्ये सोसायटीचे भारत भूषण यांच्या शोधमोहिमेत आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात जेरडनचा धाविक हा पक्षी सापडला. १९०० पासून त्याची नोंद नव्हती. पहिला पक्षी एका स्थानिक पारध्याने हाताने पकडला, परंतु तो जगला नाही. याच्या वीस वर्षांनंतर पुण्यातील खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांनी अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात 'बुगुन लिओसिक्ला' ही पक्ष्याची नवी जात शोधली. तेव्हा त्यांना या जातीचे केवळ चौदा पक्षी माहीत होते. त्यांनी पक्षी जाळ्यात धरले, मापे व छायाचित्रे घेतली, गळालेली पिसे ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिले. २००६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले ते त्या पिसांच्या, छायाचित्रांच्या आणि आवाजाच्या नोंदींच्या आधारे. नवी जात मारलेल्या पक्ष्यावाचून मान्य होऊ शकते काय, यावर तेव्हा पक्षितज्ज्ञांत मतभेद झाले, परंतु तिचे नाव मान्य झाले.